बुद्धिबळातील मोहऱ्यांची नावे: आपला उंट इतरांचा हत्ती कसा?

शब्दवेडी (कोथरूड, पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार. मी कोथरूडमध्ये शाळा सुटल्यानंतर मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग घेते. वर्गात मराठी मुलांबरोबरच मल्याळी, बंगाली, तेलुगू आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतील मुलेही आहेत, कारण त्यांचे आईवडील नोकरीनिमित्त पुण्यात येऊन स्थायिक झाले आहेत. वर्गाच्या भिंतीवर लावण्यासाठी प्रत्येक मोहऱ्याचे चित्र आणि त्याखाली मुलांच्या घरच्या भाषांतील नावे असा एक तक्ता करावा, असे मी ठरवले आणि प्रत्येकाला घरून नावे विचारून आणायला सांगितले.

राजा, घोडा आणि प्यादे यांच्याबाबत काही अडचण आली नाही. परंतु ज्या तिरप्या चालणाऱ्या मोहऱ्याला आपण उंट म्हणतो, त्याला मल्याळी मुलाच्या घरी ‘आना’, म्हणजे चक्क हत्ती म्हणतात, आणि आपल्या कोपऱ्यातल्या हत्तीला ते ‘तेर’, म्हणजे रथ म्हणतात. बंगाली मुलीने कोपऱ्यातल्या मोहऱ्यासाठी ‘नौका’ आणि आपल्या उंटासाठी ‘गज’ असे लिहून आणले. तेलुगू घरातून आलेल्या यादीत हत्ती आपल्यासारखाच कोपऱ्यात आहे, पण उंटाच्या जागी ‘शकटु’, म्हणजे गाडा आहे. हिंदीची यादी तेवढी आपल्याशी तंतोतंत जुळली.

हत्ती नेमका कुठला, या प्रश्नावर मुलांमध्ये गंभीर चर्चा झाली आणि ती माझ्यापर्यंत आली. ‘प्रत्येक भाषेची पद्धत वेगळी’ एवढ्यावर त्यांची बोळवण करणे मला योग्य वाटत नाही, कारण मुलांनी विचारलेला प्रश्न खरा आहे. मूळ खेळात हत्ती कोठे होता, तो कोपऱ्यात कधी आणि कसा गेला, उंट कोठून आला आणि भारताबाहेर या मोहऱ्यांचे काय झाले, हे जाणकारांनी कृपया सांगावे. तक्त्यावर एका कोपऱ्यात हा इतिहासही लिहिण्याचा विचार आहे.

मुळाकाठ यांचे उत्तर

ताई, आपल्या वर्गातील मल्याळी मुलाने आणलेली यादी जपून ठेवा. आज भारतात बोलल्या जाणाऱ्या भाषांपैकी मूळ चतुरंगाच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या भारतीय रूपाच्या, सर्वांत जवळ मल्याळम आहे, असे म्हणता येईल.

चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगे: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षाच्या राज्याचे वर्णन करताना अष्टापदाच्या (आठ-आठ घरांच्या) पटाचा आणि चतुरंगाचा श्लेष साधला आहे, म्हणजे तोपर्यंत वाचकांना या खेळाची ओळख झालेली होती. राजा आणि त्याचा मंत्री मध्यभागी, त्यांच्या दोन्ही बाजूंना हत्ती, मग घोडे आणि अगदी कडेला रथ, अशी ही मांडणी इराणमध्ये गेली. तेथे राजाचा शाह झाला, मंत्र्याचा फर्जीन, हत्तीचा पील, घोड्याचा अस्प, रथाचा रुख आणि पदातीचा पियादा झाला. इराणी लोकांनी नावे उचलली नाहीत, तर त्यांचा अर्थ लावून स्वतःच्या भाषेतले शब्द वापरले. पुढे अरबांनी हाच खेळ घेतला, तेव्हा त्यांच्या भाषेत ‘प’ नसल्यामुळे पीलचा फील झाला, आणि ‘च’ व ‘ग’ नसल्यामुळे इराणी चतरंगचे शतरंज झाले. रुख हा शब्द मात्र त्यांनी भाषांतर न करता तसाच ठेवला. त्यामुळे कोपऱ्यातले मोहरे म्हणजे एके काळचा रथ, ही गोष्ट लवकरच विसरली गेली, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ येथेच आहे.

आता आपल्या हत्तीविषयी. मूळ हत्तीची चाल आजच्या उंटासारखी लांब नव्हती. अरबी शतरंजात तो तिरपी उडी मारून तिसऱ्या घरात जात असे, म्हणजे मोहरे दुबळेच होते. अल्-बिरुनी या विद्वानाने अकराव्या शतकात भारतातील खेळाचे जे वर्णन लिहिले, त्यात हत्ती एक घर पुढे किंवा चारही तिरप्या दिशांना एक घर चालतो, आणि या पाच चाली म्हणजे त्याची सोंड व चार पाय असा खुलासा आहे. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, अल्-अद्ली या अरब खेळाडूने भारतीय खेळात हत्ती कोपऱ्यात उभे असतात अशी नोंद केली आहे. म्हणजे हत्तीचे कोपऱ्यात जाणे ही अलीकडची गोष्ट नव्हे, आणि एकाच वेळी देशात एकाहून अधिक प्रकारच्या मांडण्या चालू होत्या.

हत्ती कोपऱ्यात का गेला, याचे मला पटणारे कारण रणांगणात सापडते. रथ युद्धातून केव्हाच नाहीसे झाले होते आणि हत्ती हे राजाचे सर्वांत मोठे बळ झाले होते. जे मोहरे सरळ रेषेत पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुसंडी मारते, त्याला मेलेल्या रथाचे नाव ठेवण्यापेक्षा जिवंत हत्तीचे नाव देणे खेळणाऱ्यांना स्वाभाविक वाटले असावे. हत्ती तिकडे गेल्यावर त्याच्या जुन्या जागेला नवे नाव लागणार होते. ज्या प्रदेशात उंट रोजच्या पाहण्यातला होता, तेथे उंट आला. हिंदी, गुजराती आणि मराठीत हे घडले. तेलुगूत कोपऱ्यातून बाहेर पडलेला गाडा हत्तीच्या रिकाम्या जागी येऊन बसलेला दिसतो. केरळात ना हत्ती हलला ना रथ.

उंट हे सैन्याचे अंग कसे, असे मुले विचारतील. त्यांना पानिपताचे उदाहरण द्यावे. १७६१ च्या त्या लढाईत अब्दालीच्या सैन्यात उंटांच्या पाठीवर बसवलेल्या लहान तोफा होत्या, ज्यांना जंबुरके म्हणत. मोहऱ्याचे नाव त्या लढाईमुळे पडले असे अजिबात नाही, पण उंट युद्धात काय करीत असे हे मुलांना त्यावरून कळेल.

हुगळीहून परत यांचे उत्तर

नोकरीनिमित्त माझे बरेच आयुष्य कोलकात्यात गेले आणि तेथे मी पुष्कळ बुद्धिबळ खेळलो, म्हणून नौकेबद्दल लिहितो.

बंगालमध्ये चार जणांनी फासे टाकून खेळायचा चतुरंगाचा एक प्रकार होता. रघुनंदन या बंगाली धर्मशास्त्रकाराच्या ‘तिथितत्त्व’ या संस्कृत ग्रंथात त्याचे नियम आलेले आहेत. त्यात प्रत्येक खेळाडूकडे राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादी असतात, आणि रथ नाही. नद्यांच्या मुलखात सैन्य होड्यांतून हलत असे, त्यामुळे रथाची जागा नौकेने घेतली यात नवल नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या खेळात सरळ रेषेत लांब चालणारा हत्ती होता आणि नौका कोपऱ्यात असूनही तिरपी दोन घरे चालत असे. आजच्या बंगालीत नेमके उलट आहे: नौका सरळ चालते आणि गज तिरपा. मुळाकाठ यांनी एकाच काळी अनेक मांडण्या होत्या असे जे लिहिले आहे, त्याला याने पुष्टीच मिळते. बंगालीत प्याद्याला ‘बोडे’ म्हणतात आणि वजिराला ‘मंत्री’, हेही आपल्या तक्त्यासाठी नोंदवावे.

नौका बंगालपुरती नाही. थायलंडच्या पारंपरिक खेळात कोपऱ्यातल्या मोहऱ्याला ‘रुआ’, म्हणजे होडी म्हणतात. त्यांच्या प्याद्याचे नाव ‘बिया’, म्हणजे कवडी. इतक्या दूरच्या रशियनमध्येही हेच मोहरे ‘लाद्या’, म्हणजे नाव आहे. तीन प्रदेशांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे केली की एकाकडून दुसऱ्याकडे ती गेली, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला तरी रशियातली होडी आणि बंगालची नौका यांचा थेट संबंध जोडणे पटत नाही.

मुलांना मात्र मलय आणि इंडोनेशियन भाषा जरूर दाखवा. तेथे खेळाचे नावच ‘चातुर’ आहे, म्हणजे चतुरंगाचा पहिला अर्धा भाग. आपल्या उंटाला ते ‘गाजाह’ म्हणतात, तो आपला गजच. राजा तेथे राजाच आहे आणि वजिराला ‘मंतेरी’ असेही म्हणतात, म्हणजे मंत्री. घोडा ‘कुडा’ आहे. आणि कोपऱ्यातल्या मोहऱ्याचे एक नाव ‘तिर’ आहे, जे तमिळ ‘तेर’ या शब्दावरून, म्हणजे रथावरून आले आहे. आपल्या वर्गातील मल्याळी मुलगा जे नाव घरून घेऊन आला, तेच समुद्रापलीकडेही गेलेले आहे. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

अडीच घरे यांचे उत्तर

युरोपविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून ती बाजू मी मांडतो. मला सर्वांत अधिक रस हत्तीच्या तेथील प्रवासात आहे.

अरबांनी मोहरे घडवताना प्राण्यांची रूपे टाळली. त्यांचा हत्ती म्हणजे एक गोटा आणि त्याच्या माथ्यावर दोन उंचवटे, म्हणजे सुळे. अल्-फील हे नाव घेऊन हे मोहरे स्पेनमध्ये आणि पुढे युरोपात गेले, तेव्हा तेथील लोकांनी हत्ती पाहिलेला नव्हता आणि शब्दाचा अर्थही त्यांना ठाऊक नव्हता. स्पॅनिशमध्ये नाव ‘आल्फिल’ असेच राहिले. इटालियनमध्ये ते ‘आल्फिएरे’ झाले, ज्याचा अर्थ त्यांच्या भाषेत निशाणवाला असा होतो, म्हणजे अनोळखी शब्दाला जवळच्या ओळखीच्या शब्दाचे रूप मिळाले. माथ्यावरच्या दोन टोकांत इंग्रजांना धर्मगुरूची टोपी दिसली म्हणून ते बिशप झाले. फ्रेंच भाषेत ते ‘फू’, म्हणजे विदूषक किंवा वेडा. स्कॉटलंडजवळच्या लुईस बेटावर १८३१ मध्ये वॉलरसच्या दातांपासून कोरलेली बाराव्या शतकातील मोहरी सापडली, त्यांत बिशपच्या डोक्यावर धर्मगुरूची टोपी स्पष्ट दिसते. म्हणजे इंग्लंडच्या वाटेवर हत्तीचा धर्मगुरू तोपर्यंत झालेला होता.

जर्मन लोकांनी मात्र आकृतीकडे न पाहता चालीकडे पाहिले आणि त्याला ‘लॉयफर’, म्हणजे धावणारा असे म्हटले. त्यांचा घोडाही ‘श्प्रिंगर’, म्हणजे उडी मारणारा आहे. पोलिश भाषेतील ‘गोनिएत्स’ म्हणजे निरोप्या. चेक भाषेत तो ‘स्त्रेलेत्स’, म्हणजे तिरंदाज. बल्गेरियन आणि ग्रीक भाषांत तो लष्करी अधिकारी आहे, तर रोमेनियन भाषेत फ्रेंचप्रमाणेच वेडा. रशियनमध्ये तो आजही ‘स्लोन’, म्हणजे हत्ती आहे, आणि माझ्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण रशियाकडे हा खेळ पश्चिम युरोपातून नव्हे तर पूर्वेकडून पोहोचला, याचा पुरावा त्यांच्या नावांतच शिल्लक आहे. त्यांचा वजीरही ‘फेर्झ’ आहे, म्हणजे जुना फर्जीन.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात फिडेची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची, महिला ग्रां प्री स्पर्धा झाली आणि ती कोनेरू हम्पी यांनी जिंकली, हे आपल्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. त्या स्पर्धेत मंगोलिया, जॉर्जिया, पोलंड आणि बल्गेरिया येथील खेळाडू होत्या. मंगोलियन भाषेत या मोहऱ्याला ‘तेमे’, म्हणजे उंट म्हणतात, त्यामुळे आपल्या मुलांना त्या देशाशी एकदम जवळीक वाटेल. जॉर्जियन भाषेत तेच मोहरे ‘कू’, म्हणजे कासव आहे, आणि कोपऱ्यातले ‘एतली’, म्हणजे रथ. पुण्यात मांडलेल्या एकाच पटावरच्या एकाच मोहऱ्याकडे कोणी उंट म्हणून, कोणी हत्ती म्हणून, कोणी कासव म्हणून, तर कोणी निरोप्या म्हणून पाहत होते.

रुखाविषयी थोडक्यात. युरोपात त्याचा बुरूज झाला: फ्रेंच ‘तूर’, स्पॅनिश ‘तोरे’, जर्मन ‘टुर्म’. परंतु जुना शब्द इंग्रजी ‘रूक’मध्ये राहिला, आणि ज्याला आपण किल्लेकोट म्हणतो त्या, राजा आणि हत्ती एकदम हलवण्याच्या चालीच्या नावांतही राहिला. फ्रेंच ‘रोक’, स्पॅनिश ‘एनरोके’, जर्मन ‘रोखाडे’, रशियन ‘रोकिरोव्का’ ही सारी रुखाचीच पिल्ले आहेत. ही चाल आपल्या जुन्या देशी खेळात नव्हती. आपल्याकडे शह मिळालेला नसताना राजाला एकदा घोड्याची चाल करता येत असे.

नवा डाव यांचे उत्तर

सर्वांचे लेखन वाचून पुष्कळ शिकायला मिळाले. तरीही एक वेगळा विचार आदरपूर्वक मांडतो. मुले पुढे स्पर्धांत उतरणार आहेत. त्यांचे प्रशिक्षक, संगणकावरील सराव आणि बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत. अशा वेळी वर्गात हत्ती-उंट शिकवून नंतर रूक-बिशप पुन्हा शिकवण्यात त्यांचा वेळ जातो आणि चाली लिहिताना गोंधळ होतो. तक्ता भिंतीवर अवश्य असावा, पण शिकवण्याची नावे इंग्रजी असावीत, असे मला वाटते.

पंचाची खुर्ची यांचे उत्तर

मी पुणे जिल्ह्यातील स्पर्धांत पंच म्हणून काम करतो, म्हणून ‘नवा डाव’ यांच्या मुद्द्याला नियमांच्या आधारे उत्तर देतो.

चाली लिहिताना मोहऱ्याचे इंग्रजी आद्याक्षरच लिहिले पाहिजे, असा फिडेचा नियम नाही. नियमावलीच्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे की खेळाडूला आपल्या देशाच्या संघटनेत रूढ असलेल्या नावाचे आद्याक्षर वापरण्याची मोकळीक आहे, आणि तेथे उदाहरण म्हणून फ्रेंच ‘फू’ आणि डच ‘लोपर’ यांची अक्षरे दिली आहेत. छापील नियतकालिकांसाठी मात्र अक्षरांऐवजी मोहऱ्यांची छोटी चित्रे वापरावीत, अशी शिफारस आहे. बेलग्रेडहून १९६६ पासून निघणाऱ्या ‘इन्फॉर्मेटर’ या प्रकाशनाने ही चित्रांची पद्धत जगभर नेली, कारण त्यामुळे एकच पुस्तक कोणत्याही भाषेच्या खेळाडूला वाचता येऊ लागले. घरांची नावे मात्र सर्वत्र तीच आहेत आणि ती बदलता येत नाहीत.

अक्षरांचा गोंधळ इंग्रजीतही टळलेला नाही. किंग आणि नाइट या दोन्ही शब्दांची सुरुवात ‘के’ने होत असल्यामुळे घोड्यासाठी ‘एन’ घ्यावे लागते. त्याहून मोठा धोका परभाषेतील पुस्तकांत असतो. इंग्रजी पुस्तकातील ‘आर’ म्हणजे रूक, आपला हत्ती. पण फ्रेंच आणि स्पॅनिश पुस्तकात तेच अक्षर राजाचे असते, ‘रुआ’ आणि ‘रेइ’ या शब्दांचे. जुने स्पॅनिश पुस्तक हाती घेतलेल्या मुलाने हे आधी समजून घेतले नाही, तर पहिल्या पानापासून डाव चुकीचा लागेल. म्हणजे एका भाषेची नावे पाठ केल्याने प्रश्न सुटत नाही. प्रत्येक भाषेची नावे वेगळी असतात हे मुलाला आधी ठाऊक असणे, हाच त्यावरचा उपाय आहे, आणि ताईंचा तक्ता नेमके तेच करणार आहे.

माझ्या अनुभवात सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘हत्ती सरळ जातो, उंट तिरपा जातो, घोडा अडीच घरे उडी मारतो’ हे मराठीत एकदा सांगितले की पक्के होते. इंग्रजी अक्षरे ती मुले पहिल्या स्पर्धेच्या आधी सहज उचलतात. शिकवण्याची भाषा मुलाच्या घरची असावी, असे माझे ठाम मत आहे.

शब्दवेडी यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. ‘नवा डाव’ यांचा मुद्दाही मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून तक्त्यावर इंग्रजी नाव आणि अक्षर यांचा एक रकाना नक्की ठेवणार आहे. शिकवणे मात्र मराठीतच राहील, आणि मल्याळी मुलाची ‘आना-तेर’ ही जोडी तक्त्यात सर्वांत वर घेईन.

एकच गोष्ट राहिली. वजिराला काही मुले राणी म्हणतात. त्यांना थांबवावे की राहू द्यावे?

मुळाकाठ यांचे उत्तर

थांबवू नये, पण वजीर का म्हणतात ते सांगावे. युरोपात फर्जीनची राणी फार लवकर झाली. स्वित्झर्लंडमधील आइनझीडेल्नच्या मठात जपलेल्या, सुमारे इ. स. १००० च्या एका लॅटिन कवितेत हे मोहरे राणी म्हणून येते. तेव्हा ती एकच घर तिरपी चालत असे, म्हणजे पटावरच्या दुबळ्या मोहऱ्यांपैकी एक होती. पटावर सर्वत्र संचार करणारी आजची चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन आणि इटलीच्या बाजूला रूढ झाली, आणि त्याच वेळी उंटालाही लांब चाल मिळाली. म्हणजे नाव आधी बदलले आणि बळ नंतर आले. राणी झाल्यामुळे ते मोहरे बलवान झाले, असे जे अनेकदा सांगितले जाते, त्याला पाचशे वर्षांचे हे अंतर आड येते.

आपल्याकडची जुनी तिरपी चाल रहीम यांच्या दोह्यात टिकून आहे: ‘प्यादे सों फरजी भयो, टेढ़ो टेढ़ो जाय’. सरळ चालणारे प्यादे बढती मिळताच वाकडे चालू लागते, हा त्यातला टोला फर्जी, म्हणजे जुना फर्जीन, तिरपा चालतो हे ठाऊक असलेल्यालाच कळतो. हिंदी बोलणाऱ्या मुलांच्या घरी हा दोहा माहीत असण्याची शक्यता आहे, तेव्हा त्यांनाच तो वर्गात म्हणायला सांगावे.

तमिळ नावे घेणार असाल तर येथे काळजी घ्यावी. तमिळमध्ये राजाशेजारी राणी आहे आणि ‘मंदिरी’, म्हणजे मंत्री, हे नाव आपल्या उंटाला आहे. बंगाली, तेलुगू आणि मल्याळममध्ये मंत्री म्हणजे वजीर, तर तमिळमध्ये मंत्री म्हणजे उंट, असे एकाच तक्त्यात येईल, आणि मुले त्याविषयी लगेच विचारतील.

पंचाची खुर्ची यांचे उत्तर

तक्त्यासाठी एक सूचना. आद्याक्षरांच्या रकान्यात मराठीची ‘रा, व, ह, उं, घो’ अशी अक्षरे लिहावीत आणि प्याद्याचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवावा, कारण चाली लिहिताना प्याद्याला कोणत्याच भाषेचे अक्षर लावत नाहीत, फक्त ते ज्या घरात गेले त्या घराचे नाव लिहितात. नवी मुले तेथेच अक्षर शोधत बसतात.